वरच्या खोलीतली मीनल

मीनल म्हात्रेची आठवण निघाली की पेणमधले लोक आधी तिच्या खिशांबद्दल बोलतात. तिच्या प्रत्येक कुर्त्याला दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत हात जाईल एवढे खोल खिसे असायचे, आणि त्यात काय नसेल ते विचारा. साबणाच्या फुग्यांची बाटली, चावीचा बेडूक, लोकरीचा गुंडा, चुरमुऱ्यांची पुडी, छोटी बॅटरी. तिच्याकडे येणाऱ्या एका मुलीला चेन उघडझाप करायचा नाद होता, तर हिने कुर्त्याच्या बाहीला उगाचच एक चेन लावून घेतली. शिंप्याने विचारलं, मॅडम, ही कुठली फॅशन? ही गंभीर चेहऱ्याने म्हणाली, पेणची. आणि तो खुळा पुढच्या गिऱ्हाइकाला तश्शीच चेन सुचवायला निघाला होता.

मी कुंदा. आमचं पेणला पोह्याच्या पापडांचं आणि मिरगुंडांचं दुकान आहे. दुकानामागे बायका पापड लाटायला बसतात आणि त्यांच्या डोक्यावर एक लांबरुंद खोली. ती मीनलने भाड्याने घेतली. गडबच्या भातशेतीवाल्यांची पोरगी. मुंबईत शिकली, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि परत आली ती ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायला. मी म्हटलं, म्हणजे शिकवण्या? ती म्हणाली, तसंच समजा. मग तिने मला बसवून सांगितलं. काही मुलांच्या मनाची बांधणीच वेगळी असते. बोलणं येत नाही नाहीतर भलत्याच वाटेने येतं, आवाज सोसत नाही, एकच गोष्ट दिवसभर करत राहतात, आणि हवं-नको सांगता आलं नाही की रडतात, चावतात, डोकं आपटतात. त्यांच्या वागण्याकडे नीट बघायचं, आधी काय झालं, पोराने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं, आणि मग जगणं सोपं होईल असं काहीतरी शिकवायचं. हीच तिची बिहेवियर थेरपी. मी मान डोलावली आणि चहा टाकायला उठले. खरं सांगायचं तर मला ओ की ठो कळलं नव्हतं.

सुरुवातीला मला फक्त आवाज कळले. वर कुणीतरी धपाधप उड्या मारतंय, कुणी किंचाळतंय, काहीतरी गडगडत जातंय. खाली बायकांची लाटणी थांबायची. माझा स्वभाव आधीच तापट, आणि माझा आवाज बाजारात नावाजलेला. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून ओरडायची, "मीनल, छत पडेल गो आमच्या डोक्यावर!" की वरची पोरं दुप्पट बिथरायची. मीनल कधी उलटून बोलली नाही. खाली यायची, "बघते हां मावशी," म्हणायची आणि जायची.

एकदा माझा घसा बसला होता म्हणून मी मुकाट्याने जिना चढून गेले. ती तेव्हा पोरांच्या दोन वेळांच्या मधे रिकामी होती. तिने मला खिडकीशी बसवलं, आल्याचा चहा दिला, माझ्या पापडांची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच वर गेले, पुन्हा चहा. ओरडले त्या दिवशी मात्र चहा नाही, नुसतं "बघते हां मावशी." असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी पापड लाटणारी सुमन म्हणाली, बाई, हल्ली तुम्ही खालून ओरडत नाय. मी तडक वर गेले आणि म्हटलं, "माझ्यावर पण चालवलीस काय गो तुझी थेरपी?" ती इतकी हसली की भिंतीला टेकली. म्हणाली, "मावशी, तुम्ही लवकर शिकलात." मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी चहाची तल्लफ आली आणि गेले वर, काय करणार?

तिच्या खोलीत खुर्ची नव्हती. ती जमिनीवर बसायची आणि आलेल्या आईबापांनाही जमिनीवर बसवायची. कुणी बाप इस्त्रीची पँट सांभाळत उभा राहिला तर ती त्याच्याशी बोलायचीच नाही, पोराशीच खेळत राहायची. शेवटी बिचारा बसायचा. पोरगं टाचा उंचावून चालत असेल, हात पंखासारखे उडवत असेल, तर तिला त्याचं काही नसायचं. आई ओशाळून पोराचे हात धरायला गेली की मीनल म्हणायची, उडवू दे की, कुणाला लागतंय? आणि कुणी विचारलं, मॅडम, किती महिन्यांत नॉर्मल होईल, तर ती म्हणायची, तुम्ही किती महिन्यांत झालात? माणूस गडबडायचा. मग ती शांतपणे सांगायची की हा काही ताप नाही उतरायला. काही मुलांत पुष्कळ फरक पडतो, काहींत थोडा, आणि कुणात किती पडेल ते मला आज सांगता येणार नाही. गोड बोलून गिऱ्हाईक धरायचं तिला जमलंच नाही.

एकदा तिने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मला वाटलं, कुणीतरी परीक्षा पास झालं. तर कासू गावची एक मुलगी, दोन वर्षं वर येत होती, ती त्या दिवशी लघवी लागल्यावर आपणहून आईचा पदर ओढून तिला मोरीच्या दाराशी घेऊन गेली होती. एवढंच. सुमन पेढा खाता खाता म्हणाली, एवढ्यासाठी दोन वर्षं? तेव्हा त्या मुलीची आई जिन्यातच बसली आणि सांगायला लागली की ह्या एका गोष्टीपायी ती सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नव्हती, शाळेने पोरीला घरी पाठवलं होतं, आता ती कुठेही जाऊ शकेल. सुमनने उरलेला पेढा हातात तसाच धरून ठेवला.

पेणजवळच्या जोहे गावातली गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. तिथल्या एका गणपतीच्या कारखान्याचा मालक सणाच्या आधी मीनलकडे आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत मूर्तींची मोडलेली बोटं. त्याचा मुलगा प्रणव, आठ-नऊ वर्षांचा, बोलायचा नाही, आणि रंगायला काढलेल्या गणपतींची बोटं मोडायचा. समजावून झालं, मारून झालं, देवाला नवस बोलून झाला. घरच्या म्हाताऱ्यांना तर वाटत होतं की देवच कशावर तरी रुसलाय. धंद्याचे दिवस, आणि बाप पार टेकीला आलेला.

मीनलने पोराला पेणला आणायला सांगितलं नाही. स्वतःच जोह्याला गेली. मला त्यांचं घर माहीत होतं म्हणून वाट दाखवायला मी बरोबर. कारखान्यात एक बादली उपडी घालून ती कोपऱ्यात बसली ती बसलीच. ना पोराला हाक, ना प्रश्न. बाप माझ्या कानाशी येऊन विचारून गेला, ह्या बाई सुरू कधी करणार? मलाही लाज वाटायला लागली. मग रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज म्हणजे डोक्यात खिळा. प्रणवने कान दाबले, इकडून तिकडे फेऱ्या मारल्या, आणि सरळ एका मूर्तीपाशी जाऊन कटकन बोट मोडलं. एकच कल्लोळ झाला. रंगाऱ्याने कॉम्प्रेसर बंद केला, सगळे पोराभोवती जमले, बाप ओरडत होता, आजी कपाळावर हात मारत होती. आणि त्या सगळ्या गोंधळात पोरगं मात्र शांत झालं होतं. कानावरचे हात काढून छान बसलं होतं.

दुपारी परत तेच झालं. मग मीनल उठली आणि बापाला तिने एवढंच विचारलं, कॉम्प्रेसर कधी बंद करता? तो म्हणाला, बोट मोडलं की करावाच लागतो ना मॅडम, पोराला बघायला... आणि तिथेच थांबला. बाप जवळच्या पाटावर बसला आणि डोक्याला हात लावून पोराकडे बघत राहिला.

"तो मोडत नव्हता, सांगत होता," मीनल म्हणाली.

मग तिने त्याला सांगायची दुसरी वाट शिकवली. आवाज सोसेना झाला की येऊन बापाच्या दंडावर तळहात ठेवायचा, आणि बापाने त्याच क्षणी कॉम्प्रेसर बंद करायचा. बाप म्हणाला, दर वेळी बंद केला तर गणपती रंगायचे कधी? ती म्हणाली, आधी दर वेळी, त्याचा विश्वास बसेपर्यंत. मग जरा जरा थांबायला शिकवू. कानावर लावायचे जाड हेडफोनही तिने आणून दिले. सण जवळ आला तेव्हा मी पापड द्यायला त्या बाजूला गेले होते. प्रणव आला, त्याने बापाच्या दंडावर हात ठेवला, बापाने मशीन थांबवून हेडफोन दिले, आणि तो मागच्या दाराने भाताच्या बांधावर जाऊन बसला. शेडमध्ये रांगेने गणपती उभे होते, सगळ्यांची बोटं जागच्या जागी. मी त्या कारखान्यात वर्षानुवर्षं जात आले, तो आवाज माझ्याही कानावर आदळला होता. पण मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मीनल माझ्यापुढे जमिनीवर बसली की मलाच खिडकीच्या कट्ट्यावर बसायला संकोच वाटायला लागला.

तिला हे डोळे जन्मतः मिळाले असं मी समजत होते. एकदा बोलता बोलता तिनेच माझा समज मोडला. मुंबईतल्या पहिल्या नोकरीत थेरपीची रीत वेगळी होती. मुलाला खुर्चीवर बसवायचं, समोर टेबल. इकडे बघ. हात खाली. नाकाला हात लाव. बरोबर केलं की चॉकलेटचा तुकडा, आणि पुन्हा पहिल्यापासून, तासन्‌तास. मीनल त्यात पटाईत होती. तिचा एक विद्यार्थी नाव सांगायचा, पत्ता सांगायचा, हात मांडीवर ठेवून बसायचा. आईबाप खूश. एके दिवशी तो बाहेरच्या पायऱ्यांवर पडला, गुडघा फुटला. रडताना त्याचे हात वर जाऊ बघत होते, आणि तो स्वतःच ते मांडीवर दाबून म्हणत होता, हात खाली, हात खाली.

"त्याला रडताना हात हलवायचे होते मावशी," ती म्हणाली. "आम्ही तेवढंही त्याच्याकडे ठेवलं नव्हतं."

ती तिथून बाहेर पडली. तोवर ह्या विद्येतले बाकीचे लोकही बदलू लागले होते, ती त्यांच्याकडून नव्याने शिकली. पोराच्या आवडीमागे जायचं, खेळातून शिकवायचं, त्याने नको म्हटलं की थांबायचं. मूळ गोष्ट तीच, ती म्हणायची, वागण्यामागचं कारण शोधा आणि कामाच्या वागण्याला फळ द्या. पण आधी आम्ही आमच्या सोयीचं शिकवत होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता रोह्याची गोष्ट. माझी भाची वैशाली रोह्याला दिलेली. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. तिची ओवी सहा वर्षांची, तिला ऑटिझम. बोलत नाही, हाकेला वळत नाही, आणि पाण्याचं असं वेड की दार उघडं दिसलं की थेट कुंडलिका नदीकडे धाव. दोनदा तिला पाण्यातून काढलं होतं. दुसऱ्यांदा तर कपडे धुणाऱ्या बायकांनी केसांना धरून ओढली म्हणून वाचली. त्यानंतर वैशालीने ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं आपल्या कमरेला बांधलं. भाकऱ्या थापताना, जेवताना, झोपताना. मी गेले तेव्हा त्या पोरीच्या कमरेवर काळा वळ पडलेला पाहिला. वैशाली म्हणाली, "बांधली नाय तर जाईल, आणि बांधली तर अशीच मोठी होईल. मी काय करू मावशी?"

मी पेणला येऊन मीनलला सांगितलं. दर मंगळवारी ती पॅसेंजरने रोह्याला जायला लागली. घरच्यांची पहिली मागणी एकच होती, पोरीने आई म्हणावं. मीनल म्हणाली, म्हणेल, कदाचित म्हणणारही नाही. पण आधी सांगितल्यावर ती थांबली पाहिजे. हे ऐकून वैशाली रडली, आणि मलाही मीनल त्या दिवशी कठोर वाटली.

तिने घर पाहिलं. पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड. मोरीला बाहेरून कडी. अंगणातल्या नळाला फडकं गुंडाळलेलं. वैशालीच्या सासूबाई ओवीला आंघोळसुद्धा घालत नव्हत्या, ओल्या फडक्याने पुसून काढत होत्या. भीतीच तशी होती, त्यांचं काय चुकलं म्हणा. मीनल म्हणाली, घरात पाण्याचा थेंब मिळत नाही, म्हणून ती नदीला जाते. मोठा टप आणा, अंगणात भरून ठेवा. सासूबाई उखडल्या. बुडणाऱ्या पोरीला आणखी पाणी दाखवायचं, ही कुठली विद्या? पण दुसरी वाट कुणाकडेच नव्हती.

ओवीने निळा मग आणून हातात दिला की पाणी मिळायचं, हवं तेवढं. हे आधी शिकवलं. तिने पहिल्यांदा तो मग आपणहून वैशालीच्या हातात ठेवला त्या दिवशी वैशालीने मला लगेच फोन करून सांगितलं. मग सुरू झालं थांबण्याचं. अंगणात चालायचं, मीनल हलक्या आवाजात म्हणायची, थांब. ओवी थांबली की लगेच अंगावर पाण्याची धार. रागाने हा शब्द कुणी म्हणायचा नाही, दुसऱ्या कुठल्या कामाला वापरायचा नाही. ओवीसाठी थांब म्हणजे पाणी येणार, एवढंच राहिलं पाहिजे. सासूबाईंनी भाजीवाल्यालासुद्धा थांब म्हणणं सोडलं. हळूहळू अख्ख्या गल्लीने तो शब्द जपून ठेवला. क्रिकेट खेळणारी मुलं धाव घेताना रुक, रुक ओरडायची. एका पोरीसाठी एक गल्ली आपल्या तोंडातला शब्द काढून ठेवते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटेल?

सरळ काहीच झालं नाही. अंगणात थांबणारी ओवी गल्लीत थांबायची नाही. गल्लीत जमायला लागलं तर तापाने आजारी पडली आणि सगळं विसरली. मीनलने कपाळाला आठी न घालता टपापासून परत सुरुवात केली. पुढे लांब दोरी लावून नदीच्या वाटेवर शिकवलं, मग घाटाच्या पायऱ्यांवर. मी म्हटलं, तू कंटाळत कशी नाहीस गो? ती म्हणाली, ओवी कुठे कंटाळलीय?

मग मीनलचं महाडकडे जायचं ठरलं. तिकडच्या गावांत हे शिकवणारं कुणीच नव्हतं. माझी खोली रिकामी होणार होती आणि मला ते अजिबात आवडलेलं नव्हतं. तिने वैशालीला सांगितलं, मी जायच्या आधी ही ओढणी सुटली पाहिजे.

हिवाळ्यातली सकाळ होती. नदीकाठच्या वस्तीतले दोघे पट्टीचे पोहणारे मीनलने आधीच पाण्यात उभे केले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे, शेवटच्या पायरीखाली, कमरेइतक्या पाण्यात ती स्वतः. मी टॉवेल घेऊन काठावर, सासूबाई माझा हात घट्ट धरून. वर गल्लीच्या तोंडाशी वैशालीने ओढणीची गाठ सोडली.

ओवी आधी चालली. मग पाणी दिसलं आणि धावत सुटली. पायऱ्यांवर आली तरी वैशालीच्या तोंडून शब्द फुटेना. पाण्यातली मीनल हलली नाही, काही बोलली नाही, नुसती वैशालीकडे बघत राहिली.

"ओवी, थांब," वैशाली म्हणाली.

आणि ती पोरगी थांबली. पाण्याच्या वरच्या पायरीवर. अंग सगळं पाण्याकडे ओढलेलं, हात पंखासारखे उडतायत, पण पाय जागेवर. मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं. सासूबाईंनी माझा हात सोडला. वैशाली पायऱ्या उतरून आली, तिने ओवीचा हात धरला, आणि ठरल्याप्रमाणे थांबल्याचं फळ तिला दिलं. जिच्या नावाने ती इतकी वर्षं दचकून उठत होती त्या नदीत लेकीला घेऊन ती स्वतः उतरली.

मीनल त्यांना जागा द्यायला बाजूला झाली आणि माझ्याकडे काठाशी आली. ओठ निळे पडले होते. मी टॉवेल पुढे केला तर तिने टॉवेल न घेता माझं मनगट धरलं.

"मावशी, मला पोहायला येत नाय," ती हळूच म्हणाली. "मघाशी पायाखालचा दगड हलला, तेव्हा वाटलं गेले."

मी म्हटलं, बये, मग आता तरी बाहेर ये. तिने मागे वळून पाहिलं. ओवी आईच्या कुशीत छातीपर्यंत पाण्यात बसली होती आणि दोन्ही हातांनी पाणी थोपटत होती.

"ओवीचं अजून झालं नाय," मीनल म्हणाली. माझं मनगट सोडलं, आणि जिथून पाणी खोल होत जातं तिथे परत जाऊन त्या दोघींकडे तोंड करून उभी राहिली.